‘येते’ला जर्मनमध्ये काय म्हणतात

सायकल मी चोरलेली आहे, आणि एकदा नव्हे, पुष्कळदा. दारू पिऊन गाडी चालवली आहे, रागाच्या भरात घरमालकाचं दार लाथ मारून फोडलं आहे, आणि बायकोच्या स्वभावाला कंटाळून घटस्फोटही मागितला आहे. हे सगळं मी भर कोर्टात, न्यायाधीशांच्या समोर बसून, स्वच्छ जर्मनमध्ये कबूल केलं आहे आणि मग घरी येऊन कुकर लावला आहे.

कोर्टातल्या दुभाष्याला असंच बोलावं लागतं. आरोपी ‘मी चोरली’ म्हणाला की आपणही ‘मी चोरली’ म्हणायचं. ‘हे म्हणतात की यांनी चोरली’ असं सुरू केलं की नोंद करणाऱ्याला कळत नाही, हे म्हणजे कोण आणि ते म्हणजे कोण. त्यामुळे तेवढा वेळ आपलं तोंड त्याला उसनं द्यायचं. माझ्या आईला मी हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तिला ते मुळीच आवडलं नाही. पुण्यात एवढी जर्मनची शिक्षिका होतीस, ते सोडून परमुलखात लोकांची पापं स्वतःच्या तोंडाने बोलतेस, असं तिचं म्हणणं. तिला सांगितलं, आई, शपथ घेऊन बोलते, तेव्हा पाप लागत नाही. तिचं समाधान झालं नाही.

जर्मनीच्या अगदी तळाशी, ऱ्हाईन नदीच्या काठावर आमचा जिल्हा आहे. नाव सांगत नाही, कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि मला अजून याच बेकरीत पाव घ्यायचा आहे. आमचे हे आधी गेर्लिंगेनला नोकरीला होते. मग त्यांना नदीपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये काम मिळालं, म्हणून आम्ही इकडे आलो. राहायचं जर्मनीत, नोकरी पलीकडे, असं करणारे इथे घरटी एक सापडतात. नदीच्या मधोमध सरहद्द आहे. पुलावर एक पाटी आणि टोकाला कस्टमची चौकी, एवढाच काय तो देश बदलल्याचा पुरावा. शनिवारी पलीकडचे स्विस लोक आमच्याकडे स्वस्त म्हणून दूध, मांस आणि साबण गाड्या भरभरून घेऊन जातात. खरेदीसाठी आमच्याकडून तिकडे जाणारं माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं. त्यांची गोष्ट पुढे येतेच आहे.

उत्तरेला ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर. त्यांच्यातून दऱ्या नदीकडे उतरतात, आणि एका दरीतल्या माणसाला शेजारच्या दरीत जायचं तर खाली नदीपर्यंत येऊन पुन्हा चढावं लागतं. त्यामुळे हाकेच्या अंतरावरच्या गावांतही सोयरीक नाही आणि बोलीसुद्धा वेगळी. नोव्हेंबरात खाली आम्ही धुक्यात चाचपडत असतो आणि वरच्या गावातले लोक उन्हात बसून आमची कीव करतात.

या जिल्ह्यात दोन कोर्टं आहेत. आम्ट्सगेरिश्ट म्हणतात त्यांना, आपल्याकडचं तालुक्याचं कोर्ट समजा. दोन का, तर एक गाव पूर्वी बिशपचं होतं आणि दुसरं एका सरदाराचं, आणि त्यांचं कधी पटलं नाही. पुढे जिल्हा एक झाला, मुख्यालय एका गावाला मिळालं, तेव्हा दुसऱ्याचा रुसवा काढायला त्याचं कोर्ट तसंच ठेवलं. बिशपच्या गावातलं कोर्ट जुन्या मठात आहे. तिथे जिन्याला मेणाचा वास येतो आणि शिपाई शरदात आपल्या बागेतली सफरचंदं टोपलीत घालून दाराशी ठेवतो, आरोपी असो की वकील, ज्याने त्याने घ्यावीत. दुसरं कोर्ट काँक्रीटचं आहे आणि तिथे एक रबराचं झाड आहे. या दुसऱ्या कोर्टातल्या क्लार्कबाई मला वर्षानुवर्षं ‘फ्राऊ सोनेनवाने’ म्हणून पुकारत आल्या. माझं आडनाव सोनवणे. त्यांच्या उच्चाराचा अर्थ होतो, उन्हाचा टब.

मुख्यालयाच्या गावात लांडराट बसतात. त्यांना कलेक्टर म्हणावं तर ते निवडून येतात, आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष म्हणावं तर कलेक्टरची सगळी कामं करतात. त्यांच्या कचेरीत गाडीचा परवाना, परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना आणि गाईगुरांचं आरोग्य एकाच छपराखाली मिळतं. लिफ्टमध्ये एकदा माझ्या एका बाजूला रबरी बूट घातलेला शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला हिंजवडीहून ताजाताजा आलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. दोघांचे चेहरे सारखेच घाबरलेले होते. सरकारी कचेरीत शिरलं की माणूस कुठल्याही देशाचा असो, तसाच दिसतो.

माझ्याकडे काम येतं ते बहुतेक हिंदीचं. मराठीचं काम म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. आणि तो आला की शब्दांशी झटापट ठरलेली. इथे प्रत्येक साक्षीदाराला सुरुवातीलाच विचारतात, आरोपी तुमच्या रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातला आहे का? असेल तर साक्ष नाकारता येते. कार्ल्सरूहेला शिकणारा अमोल नावाचा एक मुलगा असाच साक्षीला आला होता. दार फोडल्याचा जो खटला मी वर सांगितला, त्यातला आरोपी त्याचा मित्र होता. प्रश्न ऐकल्याबरोबर अमोल छाती पुढे काढून म्हणाला, “भाऊ आहे माझा.” मी म्हटलं, भाऊ. न्यायाधीश थांबले, कागद पाहू लागले. आडनावं निराळी होती. सख्खा का, म्हणून विचारलं. नाही, आमच्या शेजारच्या गावचा, अमोल म्हणाला. मग नातं नाही? यावर तो दुखावला. नातं कसं नाही, त्याच्या मावशीची जाऊ ही माझी आत्या लागते. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे मेव्हणा, दीर, साडू हे सगळे वेगळे असतात आणि जर्मनमध्ये या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, आणि मुलीच्या सासऱ्याला आम्ही व्याही म्हणतो, त्याला तर तुमच्याकडे शब्दच नाही. कायद्याच्या दृष्टीने या दोघांचं नातं शून्य निघालं. बाहेर आल्यावर अमोल मला म्हणाला, “काकू, तुम्ही नीट सांगितलं नाही.”

दुसरी गंमत कापराची. इंगोलश्टाटचं एक मराठी कुटुंब सुट्टीत स्वित्झर्लंड पाहून परत येत होतं. नवरा मोटारींचा इंजिनिअर, जर्मन चांगलं बोलणारा. पण चौकीवर सासूबाईंच्या पर्समधून पांढऱ्या वड्यांची डबी निघाली आणि त्याचं जर्मन आटलं. मला फोन आला. अधिकाऱ्याने सासूबाईंना विचारलं, याचं काय करता? त्या म्हणाल्या, जाळतो. मी भाषांतर केलं. जाळून मग? मग त्याच्यावर हात धरून ते हात तोंडावरून फिरवतो. मीही तसंच सांगितलं, कारण पदरचं घालायचं नाही हा धंद्याचा नियम. पलीकडून प्रश्न आला, रोज? रोज, दोन्ही वेळा, सगळे मिळून, लहान मुलंसुद्धा. शेवटी अधिकाऱ्याने वडीचा वास घेतला आणि म्हणाला, “आख, हे तर माझी आजी छातीला चोळायची.” डबी परत मिळाली. सासूबाईंनी त्यातल्या काही वड्या त्याला बळेबळे दिल्याचं मला नंतर कळलं.

पण ज्यासाठी हा लेख लिहायला बसले, ते प्रकरण वत्सलाबाईंचं.

एके दिवशी मठातल्या कोर्टातून फोन आला की मराठी दुभाषी हवी आहे. मी सवयीने विचारलं, नक्की हिंदी नाही ना? नाही, मराठीच. आणि कोर्टात यायचं नाही, न्यायाधीशांबरोबर एका घरी जायचं आहे. इथे एखादं म्हातारं माणूस स्वतःचा निर्णय घेऊ शकत नाही अशी शंका आली की न्यायाधीश त्याला कोर्टात बोलवत नाहीत, स्वतः त्याच्या घरी जातात. मला ही पद्धत फार आवडते. माणूस आपल्या खुर्चीवर बसलेला असतो तेव्हा तो अधिक तो असतो.

न्यायाधीश होत्या फ्राऊ केलर. उंच, सावकाश बोलणाऱ्या, पायात डोंगर चढायचे बूट. त्यांच्या गाडीतून नदीकाठच्या एका गावाकडे जाताना त्यांनी प्रकरण सांगितलं. वत्सला श्नायडर मूळच्या नागपूरच्या. ऐन तारुण्यात नर्स म्हणून इकडे आल्या, आमच्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात बाळंतपणाच्या वॉर्डात राहिल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं. निम्मं गाव त्यांच्या हातात जन्मलेलं. नवरा वारला, आणि मग हळूहळू स्मृती जाऊ लागली. शेवटी शिकलेलं आधी जातं म्हणतात, तसं त्यांचं जर्मन गेलं. आता बाई फक्त मराठी बोलत होत्या आणि गावात ते कुणाला येत नव्हतं.

मुलगी एकच, अनिता. कार्ल्सरूहेला विद्यापीठात कामाला. आईची कायदेशीर काळजीवाहक तीच. तिने अर्ज केला होता की आईला वृद्धाश्रमाच्या बंद विभागात ठेवू द्यावं. बंद म्हणजे ज्याचं दार आतून उघडत नाही. तसं कुणालाही, अगदी आईलासुद्धा, न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय ठेवता येत नाही. कारण असं होतं की वत्सलाबाई घरातून निघून जात. पुलापलीकडे भटकताना कस्टमच्या लोकांना सापडत. नवरा त्याच पुलापलीकडच्या वीजकेंद्रात कामाला होता आणि सुट्टी झाली की फोन करून त्यांना पुलावर बोलावत असे. आणि डॉक्टरांचं मत होतं की बाईंना मेलेल्या नवऱ्याची हाक ऐकू येते. निघताना त्या रिकाम्या घराकडे पाहून ‘इश् कोमे’, म्हणजे मी येते, असं उत्तर देतात. आईच्या मराठीचा हा जर्मन अर्थ डॉक्टरांना अनितानेच सांगितला होता. खाली नदी, नदीला ओढ, आणि मेलेला माणूस बोलावतो आहे. पुढचं सांगायला नको होतं.

“मला दार बंद करायला आवडत नाही,” फ्राऊ केलर म्हणाल्या. “पण नदी मला त्याहून आवडत नाही.”

दार वत्सलाबाईंनीच उघडलं. बुटक्या, पँट आणि विणलेलं जाकीट, पांढऱ्या केसांचा बॉबकट. मी नमस्कार म्हटलं. त्या “जय भीम” म्हणाल्या, तेव्हा मीही जय भीम म्हटलं. फ्राऊ केलरनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितलं, अभिवादन. पूर्ण अर्थ सांगायचा तर दुपार पुरली नसती. मागे स्वयंपाकघरात अनिता उभी होती. पन्नाशीची, थकलेली. डोळे आईचे होते.

वत्सलाबाईंनी आम्हाला टेबलाशी बसवलं आणि जेवल्या का म्हणून विचारलं. फ्राऊ केलर प्रामाणिक बाई, त्यांनी चीजचा पाव खाल्ल्याचं सांगितलं. “पाव खाऊन का पोट भरते बाई?” वत्सलाबाई म्हणाल्या, आणि मी तेही जर्मनमध्ये सांगितलं. त्यांची ती नागपुरी बोली माझ्या पुणेरी कानाला लावून घ्यायला थोडा वेळ लागला, पण आवाज इतका प्रेमळ की मला वाटलं आपण माहेरच्या कुणाकडे आलो आहोत. मग त्यांनी चहा केला. अनिता शेगडीकडे डोळ्यात तेल घालून पाहत होती. चहा उत्तम उकळला होता, आलं होतं, रंग होता, फक्त साखरेऐवजी मीठ होतं. आम्ही तिघींनी तो मुकाट्याने प्यायला.

फ्राऊ केलरनी प्रश्न सुरू केले. वर्ष कोणतं? काय करायचं वर्ष घेऊन, असं उत्तर आलं. तुम्ही कुठे राहता? “इंदोऱ्यात.” ते नागपुरात आहे. मग खिडकीबाहेर बोट करून फ्राऊ केलरनी विचारलं, ही नदी कोणती? वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बिचारीला एवढंही कळत नाही. “ऱ्हाईन वं. अजून कोणती?”

असं चाललं होतं. कधी पाऊल पक्क्या जमिनीवर, कधी हवेत. मी मधे बसून दोन्ही तशीच्या तशी पोचवत होते, आणि मनातून मला दिसत होतं की हे दार बंद होणार.

मग फ्राऊ केलर मूळ प्रश्नावर आल्या. तुम्ही घरातून निघताना ‘इश् कोमे’ म्हणता, ते कुणाला म्हणता?

आता हे मला मराठीत सांगायचं होतं. गाडीत मी ते जर्मनमध्ये ऐकलं होतं आणि जर्मनमध्येच माझ्या अंगावर काटा आला होता. मी वत्सलाबाईंकडे वळले आणि म्हटलं, “घरातून निघताना तुम्ही ‘येते’ म्हणता. ते कुणाला म्हणता?”

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि माझं मलाच हसू यायला लागलं. त्याच सकाळी, दारात चपला घालताना, मी आमच्या ह्यांना तेच म्हणून आले होते.

“घराले म्हणते,” वत्सलाबाई म्हणाल्या. “घरात कोणी नसलं तरी म्हणाव लागते. मंग काय जाते म्हणू?” आणि फ्राऊ केलरकडे हात करून मला म्हणाल्या, “तूच सांग वं हिले.”

मी आधी शब्दशः भाषांतर केलं. मग काय ‘मी जाते’ म्हणू? तूच सांग हिला. फ्राऊ केलरच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. हातातलं पेन कागदावर टेकलं होतं. पुढची ओळ काय होणार ते मला कळत होतं: उत्तर असंबद्ध. शब्द बरोबर पोचवून मी अर्थ वाटेत सांडला होता. मग मी हात वर केला आणि म्हटलं, आता मी श्नायडरबाई म्हणून नाही, दुभाषी म्हणून दोन वाक्यं बोलू का? त्यांनी परवानगी दिली.

मी सांगितलं की आमच्या भाषेत घराबाहेर पडताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. तो अपशकुन समजतात. जो परत येणार नाही तो जातो. भाजी आणायला निघालेली बाईसुद्धा ‘येते’ म्हणते. म्हणजे हाकेला ओ देत नाही, तर परत येईन असं सांगून निघते. मी स्वतः आज तसंच म्हणून आले आहे, आणि मला कुणीही हाक मारलेली नाही.

“आल्झो,” फ्राऊ केलर सावकाश म्हणाल्या, “हे ‘आउफ वीडरझेन’ आहे.”

“गेनाऊ,” म्हणजे अगदी तेच, मी म्हटलं. त्यांच्या त्या निरोपाच्या शब्दाचाही अर्थ ‘पुन्हा भेटेपर्यंत’ असाच.

पण त्या पक्क्या होत्या. त्यांनी थेट वत्सलाबाईंना विचारलं, ‘येते’ म्हणून तुम्ही जाता कुठे? नवऱ्याकडे? नवरा तर मेला वं, त्या म्हणाल्या, तो कुठचा भेटते आता. पुलापलीकडे तमिळाचं दुकान आहे, तिथे कढीपत्ता ताजा मिळतो, इकडे मेला कुठे मिळत नाही. आणि उठून त्यांनी फ्रिजचा खालचा खण ओढला. त्यात कढीपत्त्याच्या जुड्यांवर जुड्या होत्या, खालच्या काळ्या पडलेल्या, वरच्या हिरव्यागार. आणला आहे हेच त्यांच्या लक्षात राहत नव्हतं, म्हणून त्या पुन्हा जात होत्या. परत येताना कधी रस्ता चुके, आणि मग पुलाच्या टोकाशी बसून राहत. सगळं स्वित्झर्लंड आमच्याकडे खरेदीला येतं आणि आमची ही एकटी बाई उलट्या दिशेने कढीपत्ता आणत होती.

अनिता भिंतीला टेकून उभी होती. आता ती बोलली ते जर्मनमध्ये, आणि न्यायाधीशांकडे पाहून नाही, फ्रिजकडे पाहून.

“मी तो पाला दर आठवड्याला टाकून देत होते,” ती म्हणाली. “मी कधी विचारलंच नाही.”

मग थांबून तिने सांगितलं की लहानपणी आईचं मराठी तिला सगळं कळायचं, पण ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची. शिकायला कार्ल्सरूहेला निघाली त्या दिवशी स्टेशनवर तिने ठरवून, आईला बरं वाटावं म्हणून, मराठीत निरोप घेतला. जर्मनमधलं वाक्य मनातल्या मनात उलटवलं आणि म्हणाली, आई, मी जाते. आईचा चेहरा उतरला. तिने मुलीचा हात घट्ट पकडला आणि सगळ्यांसमोर, ‘येते म्हण, येते म्हण’ असा हट्ट धरला. “मला वाटलं, ही माझ्याकडून परत येण्याचं वचन मागते आहे. मला वचन द्यायचं नव्हतं. मी म्हटलं नाही. गाडीत बसले. त्यानंतर मी तिच्याशी मराठीत बोललेच नाही.”

नियम असा आहे की ज्या माणसाबद्दल बोलणं चाललंय, त्याला प्रत्येक शब्द कळला पाहिजे. म्हणून मी वत्सलाबाईंकडे वळून हे सगळं मराठीत सांगू लागले, नेहमीप्रमाणे ‘मी’ म्हणून. मी शिकायला निघाले. मी स्टेशनवर होते. मी म्हणाले, “आई, मी जाते.”

वत्सलाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी टेबलावरून माझं मनगट पकडलं. बाळंतिणीच्या वॉर्डात आयुष्य काढलेला हात, त्यात अजून जोर होता.

“येते म्हण,” त्या म्हणाल्या. “असं नाही म्हणत बाई. येते म्हण.”

एवढ्या वर्षांत मी लोकांची चोरी बोलले, भांडणं बोलले, कधी आवाज हलला नव्हता. फ्राऊ केलर माझ्याकडे पाहून भाषांतराची वाट पाहत होत्या आणि मला ते करता येईना. ते केलं अनिताने. जर्मनमध्ये, तुटक तुटक. मग ती येऊन आईजवळ बाकावर बसली आणि आईने तिच्या केसांवरून हात फिरवला, ओळखून की न ओळखून, ते मला सांगता येणार नाही.

परतताना फ्राऊ केलरनी गाडी सुरू केली. मग मला म्हणाल्या, घरच्या माणसाला दुभाषी करू नये म्हणतात ते याचसाठी. खरं आहे, मी म्हटलं. अनिताचा यात काही दोष नव्हता. तिने शब्दाचा अर्थ अगदी बरोबर सांगितला होता, आणि त्यानेच सगळा घोटाळा झाला होता. आणि मी तरी काय, गाडीत ‘इश् कोमे’ ऐकून मलाही भूतच दिसलं होतं.

बंद विभागाची परवानगी मिळाली नाही. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई येऊ लागली, शेगडीला आपोआप बंद होणारं बटण बसलं, आणि पुलाच्या चौकीवर व तमिळ दुकानात अनिताचा फोन नंबर पोचला. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. हिवाळ्यात एकदा वत्सलाबाई बर्फावर घसरल्या आणि मनगट मोडलं, तेव्हा मला वाटलं, तुझी ती दोन वाक्यं, त्यांचंच हे फळ. अजूनही वाटतं कधी कधी. पण उन्हाळ्यात मी त्या बाजूला गेले की त्या पुलावर दिसायच्या, हातात हिरवी जुडी, आणि चौकीतला माणूस टोपी काढून त्यांना रस्ता दाखवत असायचा. माझ्याकडे पाहून दर वेळी विचारायच्या, कोण गावची वं तू?

पुढच्याच्या पुढच्या वर्षी, वसंतात, एका सकाळी अनिताचा फोन आला. कोर्टातून नव्हे, तिने स्वतः कुठूनतरी माझा नंबर मिळवला होता. आईला ताप होता, फार काही नाही असं डॉक्टर म्हणत होते. मदतनीस बाईने फोन आईच्या कानाशी धरला होता आणि आईने काहीतरी म्हटलं होतं. अनिताला खात्री करून घ्यायची होती.

“ती ‘जाते’ म्हणाली,” अनिता जर्मनमध्ये म्हणाली. “‘येते’ नाही. ‘जाते वं बाई.’ मी नीट ऐकलं ना? फरक आहे ना?”

मी म्हटलं, फरक आहे, आत्ताच्या आत्ता निघ.

कार्ल्सरूहेहून आमच्याकडे यायला गाडीने दोन तास तरी लागतात. तो सगळा वेळ मी घरात इकडून तिकडे करत होते, आणि हे मला विचारत होते की तुझी कोण लागते ती बाई.

संध्याकाळी अनिताचा पुन्हा फोन आला. ती वेळेवर पोचली होती. आई जागी होती, खिडकीकडे तोंड करून. दुपारी शांतपणे गेली. हे सगळं ती जर्मनमध्ये सांगत होती, थांबून थांबून, आणि मी फक्त हं हं म्हणत होते. आईने जायच्या आधी पुन्हा एकदा तेच म्हटलं, ती म्हणाली, आणि तू नव्हतीस, तेव्हा काय उत्तर द्यायचं ते मला कुणी सांगणारं नव्हतं.

“मग काय म्हणालीस?” मी विचारलं.

अनिताने ते मराठीत सांगितलं. “मी म्हटलं, ये, आई.”